मुंबई–दिल्ली : वेळ कुठे खर्ची पडतो?

मुंबईच्या विमानतळापासून दिल्लीच्या विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती भिवंडीच्या पश्चिमेने निघून जव्हारवर येते. तिथून डांगचं जंगल, मग नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या आसपासचा सातपुडा. नर्मदा ओलांडली की झाबुआचा भिल्ल मुलूख आणि त्यापुढे मंदसौर. तिथे निम्मी वाट सरते. मग बुंदी, अलवर आणि शेवटी पालम. ही रेघ सुमारे ११४० किलोमीटरची आहे. वैमानिकांच्या हिशोबात ६१५ नॉटिकल मैल.

जेट विमान उंचीवरच्या आपल्या नेहमीच्या वेगाने, म्हणजे ताशी ८३०-८४० किलोमीटरने, या रेघेवरून न वळता गेलं तर त्याला ८२ मिनिटं लागतील. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा असतो. आणि दादरच्या घराला कुलूप लावल्यापासून कॅनॉट प्लेसला पोचेपर्यंत सहा-साडेसहा तास सहज जातात.

हा आडवळणाचा मार्ग नाही. देशातला सर्वांत गजबजलेला हवाई मार्ग आहे, आणि जगभरातल्या देशांतर्गत मार्गांतही तो वर्षानुवर्षं पहिल्या दहांत असतो. खासदार, व्यापारी, मंत्रालयातून दिल्लीतल्या फायलींमागे धावणारे अधिकारी, सुप्रीम कोर्टात तारीख असलेले पक्षकार, ओल्ड राजेंद्रनगरात यूपीएससीचा अभ्यास करणारी मराठी मुलं, सगळे या मार्गावर असतात. एवढ्या माणसांचे एवढे तास नेमके कुठे जातात, हे एकदा मुळापासून बघायला हवं असं फार दिवस मनात होतं. बघत गेलं की एक गोष्ट ठसठशीत दिसते. अंतराचा या वेळेत वाटा थोडा आहे. वेळ जातो तो जमिनीच्या टंचाईत, रांगेत, आणि ती रांग वेळापत्रकात मुरवून टाकण्याच्या सवयीत.

प्रत्येक प्रवासी विमानात चार क्षणांची नोंद आपोआप होते. या धंद्यातले लोक त्यांना आउट, ऑफ, ऑन आणि इन म्हणतात. दारं लागली, पार्किंग ब्रेक सुटला आणि विमान जागचं हललं की आउट. धावपट्टी सोडून चाकांवरचा भार गेला की ऑफ. उतरताना चाकांवर पुन्हा भार आला की ऑन. नेमून दिलेल्या जागी उभं राहून ब्रेक लागला, दार उघडलं की इन. दिल्लीत विमान थांबल्यावर खिडकीतून खाली बघितलं तर हा शेवटचा टप्पा दिसतो. इंजिनं बंद होतात, पोटाखालचा लुकलुकणारा लाल दिवा विझतो, आणि तोवर लांब उभी असलेली माणसं पुढे येतात. नारिंगी जाकीट घातलेला एक जण चाकांपाशी वाकून पुढे-मागे पिवळे ठोकळे सरकवतो, हाताने दाबून बघतो आणि अंगठा वर करतो. वर आपण अजून पट्टे सोडत असतो, कोणी डोक्यावरचा कप्पा उघडून बॅग ओढत असतो.

आउटपासून इनपर्यंतच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तिकिटावर छापलेला असतो तो हा. ऑफ ते ऑन हा खरा हवेतला वेळ. मुंबई–दिल्लीत तो बहुतेकदा दीड ते पावणेदोन तासांचा असतो. उरलेली अर्ध्या तासाहून जास्त मिनिटं विमान चाकांवर असतं. तिकीट काढणाऱ्याला हा फरक कोणी सांगत नाही.

हवेतलीही सगळी मिनिटं दिल्लीच्या दिशेने जात नाहीत. मुंबईत वारा बहुधा समुद्रावरून येतो, आणि विमानाला उडताना-उतरताना समोरून वारा हवा असतो. त्यामुळे दिल्लीला निघालेलं विमान मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेला उडतं, पार्ले-जुहू मागे टाकून अरबी समुद्रावर जातं आणि तिथून उत्तरेला वळतं. दिल्लीत तेच उलट्या बाजूने. तिथेही पश्चिमेचा वारा असेल तर नैर्ऋत्येकडून आलेल्या विमानाला शहर ओलांडून पूर्वेला जावं लागतं आणि तोंड फिरवून पश्चिमेकडे उतरावं लागतं. शिवाय दहा हजार फुटांखाली वेगाला २५० नॉटची, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटरची मर्यादा असते. चढाईला वीस-पंचवीस मिनिटं, उतरणीला तेवढीच. पूर्ण वेगाने सरळ जाण्याचा काळ उरतो तो मधला, आणि एवढ्या मार्गावर तो फार मोठा नसतो.

उंचीचंही गणित ठरलेलं आहे. जाणारं आणि येणारं विमान समोरासमोर येऊ नये म्हणून पूर्वेकडच्या अर्ध्या वर्तुळात जाणाऱ्या विमानांना ३३, ३५, ३७ हजार फूट अशा विषम पातळ्या मिळतात आणि पश्चिमेकडच्यांना सम. दिल्लीचा रोख उत्तरेपासून बावीस अंश पूर्वेला झुकलेला असल्याने जाताना विषम, येताना सम. मधे हजार फूट राखून दोन्ही वाटा एकमेकींवरून जातात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेचा जेट वारा वाहतो. तो या मार्गाला बराचसा आडवा लागतो, पण त्याचा थोडा भाग जाताना पाठीशी आणि येताना छातीवर येतो. जानेवारीत दिल्लीहून परतताना दहा-बारा मिनिटं जास्त लागली तर त्यात कोणाचा दोष नसतो.

आता मुंबईच्या जमिनीकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे.

मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असेल तर दुसरी वापरता येत नाही, म्हणून कामाला एका वेळी एकच. दिल्लीचा विमानतळ पाच हजार एकरांहून जास्त जागेवर पसरलेला आहे, मुंबईचा दोन हजारांच्याही आत, आणि त्याच्या कुंपणाला चारही बाजूंनी वस्ती लागलेली आहे. कुर्ल्याच्या जरीमरीत उभं राहिलं तर उतरणारं विमान पत्र्यांच्या इतकं जवळून जातं की त्याच्या पोटावरची रंगाची पोपडी दिसावी. या एका पट्टीवर मुंबईच्या नियंत्रकांनी एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं-उतरणी करून दाखवल्या आहेत. २०२४च्या सुरुवातीपर्यंत गर्दीच्या तासाला ४६ म्हणजे दर ७८ सेकंदांना एक विमान. हे कौशल्य असामान्य आहे आणि त्या माणसांची नावं कोणाला ठाऊक नसतात. पण ७८ सेकंदांच्या साखळीत सैल कडी नसते. एका विमानाने पट्टी सोडायला वीस सेकंद जास्त घेतली की त्याचा धक्का मागच्या सगळ्यांना बसतो, आणि शेवटचं विमान आकाशात गोल फिरत राहतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने हे उघडपणे मांडलं. मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात, असं मंत्रालयाने सांगितलं. त्याचा हिशोबही दिला: विमान तासाला सरासरी २००० किलो इंधन जाळतं, म्हणजे ४० मिनिटांच्या घिरट्यांत १.७ किलोलिटर, किंमत सुमारे १ लाख ८० हजार रुपये. तासभर फिरलं तर अडीच किलोलिटर आणि सुमारे २ लाख ६० हजार. उपाय म्हणून सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८ आणि रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा या वेळांत तासाला ४६ऐवजी ४४ विमानं करायला सांगितलं, इतर वेळी ४४ऐवजी ४२. दोन विमानांमधलं अंतर ७८ सेकंदांवरून ८२ सेकंदांच्या आसपास गेलं. चार सेकंद. देशाच्या आर्थिक राजधानीच्या आकाशात श्वास घ्यायला जागा चार सेकंदांनी वाढवावी लागते, यातच सगळं आलं.

मला या निर्णयाचं मोल वाटतं. विमानतळ चालवणाऱ्यांना आणि विमान कंपन्यांना जास्तीत जास्त उड्डाणं हवी असतात, आणि बऱ्याच कंपन्या आपल्याला दिलेल्या वेळा पाळत नाहीत, हे सरकारने स्वतः म्हणणं गरजेचं होतं. घिरट्यांचं इंधन शेवटी प्रवाशाच्या तिकिटात येतं आणि त्याचा धूर खाली राहणाऱ्यांच्या छातीत.

विमान कंपन्यांनी या रांगेवर आपला उपाय काढलेला आहे. वेळापत्रकातच जादा मिनिटं भरायची. जिथे दोन तास पुरतील तिथे सव्वादोन लिहायचे. मग विमान दहा मिनिटं उशिरा निघूनही वेळेआधी पोचतं, केबिनमध्ये अभिमानाने तशी घोषणा होते आणि प्रवासी खूश होतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला मोठ्या विमानतळांवरचा वक्तशीरपणा जाहीर करतं, आणि त्यात १५ मिनिटांपर्यंतचा उशीर उशीर धरला जात नाही. वेळापत्रक फुगवलेलं असेल तर हा आकडा चांगलाच दिसणार. प्रवाशांच्या हक्कांचे नियमही याच ब्लॉक टाइमवर उभे आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांचा उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं, त्याहून लांबच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांवर जाते. म्हणजे छापलेला वेळ हा नुसता अंदाज नाही, त्याला कायद्याचं वजन आहे. तो सचोटीने छापला जावा ही अपेक्षा फार नाही.

नोंद तर आधीच आहे. आउट, ऑफ, ऑन, इन हे चारही क्षण प्रत्येक उड्डाणाचे साठवलेले असतात. मुंबई–दिल्लीवर गेल्या महिन्यात सरासरी किती मिनिटं हवेत गेली, किती टॅक्सीवेवर, किती घिरट्यांत, हे महासंचालनालयाने कंपनीवार आणि तासवार छापावं. सकाळी नवाचं आणि दुपारी दोनचं विमान यांच्यात खरा फरक किती, हे मग लोकांना कळेल आणि ज्यांना जमेल ते आपणहून दुपारकडे सरकतील.

वेळेचा विचार एके काळी आपल्याकडे किती डोळसपणे होत होता, हे बघायचं तर नागपूरला जायला हवं, पण आधी त्याच्या मागच्या काळातल्या सेवांकडे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. पुढे ते टपाल नेव्हिल व्हिंटसेंटने मद्रासला नेलं. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं, तेव्हा सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवलं जायचं. १९३७ मध्ये टाटांनी मुंबई–दिल्ली सेवा सुरू केली ती इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घेत. या सगळ्या दिवसाच्या सेवा होत्या. रात्र वाया जात होती.

१९४९च्या जानेवारीत, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि चारही विमानं देशाच्या मधोमध, नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर यायची. मध्यरात्रीनंतर तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही विमानं बदलायचे, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीच्या पोस्टात. अंतराच्या हिशोबात हा उफराटा प्रकार होता. मुंबई–नागपूर सुमारे ६८० किलोमीटर आणि नागपूर–दिल्ली साडेआठशे. एकूण पंधराशेवर, म्हणजे सरळ रेघेपेक्षा जवळपास ४०० किलोमीटर जास्त, आणि तेही डाकोटासारख्या ताशी पावणेतीनशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानातून. तरी पत्र लवकर पोचायचं, कारण माणसं झोपलेली असताना ते प्रवास करत होतं. चार विमानांत सहा शहरजोड्या सांधल्या गेल्या होत्या. ही सेवा १९७०च्या दशकापर्यंत चालली. साध्या धाग्यांतून एवढी पक्की वीण घालणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो, आणि नागपूरकरांना याचा जेवढा अभिमान असायला हवा तेवढा तो दिसत नाही याची खंतही.

डाकोटाला सरळ मुंबई–दिल्ली गाठायला चार तासांहून जास्त लागायचे. १९५७ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट आलं, १९६४ मध्ये कॅराव्हेल जेट. कॅराव्हेल ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास जायचं आणि दिल्ली दोन तासांच्या आत आली. त्यानंतर बोइंग ७३७ आलं, १९७६ मध्ये एअरबस ए३००, १९८९ मध्ये ए३२०. विमानं सुरक्षित झाली, काटकसरी झाली, इंजिनांचा आवाज कमी झाला. वेग मात्र होता तिथेच राहिला. आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि इंधनाचा खर्च हाताबाहेर जातो, म्हणून ए३२० आवाजाच्या वेगाच्या ७८ टक्क्यांवर चालवणं परवडतं. साठ वर्षांत मुंबई आणि दिल्ली एकमेकींच्या एका मिनिटानेही जवळ आल्या नाहीत. छापलेल्या वेळेच्या हिशोबात तर थोड्या लांबच गेल्या.

हवाई वाटाही सरळ नसतात. हवाई दलाच्या राखीव क्षेत्रांना वळसे घालावे लागतात. मे २०२०मध्ये केंद्र सरकारने सांगितलं होतं की देशाच्या आकाशातला ६० टक्केच भाग नागरी विमानांना मोकळा आहे, आणि ही बंधनं सैल केली तर वर्षाला सुमारे १००० कोटी रुपयांचा फायदा होईल. त्या दिशेने काम होत आहे. ११४० किलोमीटरच्या मार्गावर त्यातून काही मिनिटं वाचतील, आणि अशी वाचलेली मिनिटं मुंबईच्या रांगेत पुन्हा जाणार नाहीत याची खात्री कोण देणार हा प्रश्न उरतोच.

दिल्लीच्या बाजूने बरंच काही सुधारलं आहे. जुलै २०२३ मध्ये तिथे चौथी धावपट्टी आणि उंचावरून विमानं नेणारा पूर्वेकडचा टॅक्सीवे सुरू झाला. त्याआधी लांबच्या पट्टीवर उतरलेलं विमान चाकांवर इतका वेळ चालायचं की लहान मुलं आता रस्त्यानेच घरी जायचं का असं विचारायची. २०११पासून विमानतळ मेट्रो आहे, टर्मिनल ३वरून नवी दिल्ली स्थानक वीस मिनिटांत. डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याला मात्र उत्तर पूर्ण सापडलेलं नाही. दिल्लीत सकाळी दाट धुकं असलं की मुंबईत दुपारच्या विमानाची वेळ पुढे जाते, कारण ते विमान सकाळी दिल्लीत अडकलेलं असतं.

मुंबईत मेट्रो ३ आल्याने विमानतळ दक्षिण मुंबईला नीट जोडला गेला. २०२५च्या ऑक्टोबरात ती कफ परेडपर्यंत पोचली. पूर्वी गिरगावातून निघणाऱ्याला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या भरवशावर दोन तास आधी निघावं लागायचं, त्यातला बराच वेळ निव्वळ भीतीपोटी राखलेला असायचा. ती भीती गेली हा मोठा फायदा आहे. विमानाच्या वेगात भर घालून जे मिळालं नसतं ते एका भुयारी रेल्वेने दिलं.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर बीजिंग–शांघायचं उदाहरण बघायलाच हवं. ते अंतर रेल्वेने १३१८ किलोमीटर. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली १३८४. जवळपास सारखंच. जून २०११ मध्ये तिथे वेगवान रेल्वे सुरू झाली आणि आता वेगातली गाडी साडेचार तासांच्या आत पोचवते. आपली राजधानी एक्स्प्रेस १९७२ पासून धावते आणि आज तिला साडेपंधरा तास लागतात. ही लाइन ताशी १६० किलोमीटरची करून बारा तासांवर आणायचं रेल्वेचं उद्दिष्ट आहे. बारा तास झाले तरी ती रात्रीचीच गाडी राहील, आणि त्यात वाईट काही नाही. साडेचार तास झाले तर मुंबई–दिल्लीची अर्धी विमानं रिकामी होतील आणि मुंबईच्या त्या घट्ट साखळीत आपोआप जागा होईल. आपण मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वेच्या ५०८ किलोमीटरवर काम करतो आहोत. तीच लाइन पुढे दिल्लीपर्यंत जायला हवी असं मी ठामपणे म्हणेन.

तोवर मुंबईच्या आकाशाला आधार आहे तो नवी मुंबईचा. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेर प्रवासी विमानं सुरू झाली. पुढे तिथे दोन समांतर धावपट्ट्या होणार आहेत, म्हणजे मुंबईत जे कधीच शक्य नव्हतं ते: एकीवर विमान उतरत असताना दुसरीवरून उडणं. मात्र दोन्ही विमानतळ एकाच आकाशात आहेत. त्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटा एकमेकींना सांभाळूनच आखाव्या लागतात, तेव्हा घिरट्या उद्यापासून बंद होतील असं कोणी समजू नये.

घरापासून घरापर्यंतचा हिशोब मात्र आतापासूनच बदललेला आहे. पनवेल, उरण, कर्जतच्या माणसाला पूर्वी अंधेरी गाठायलाच जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात तो आता विमानात बसलेला असेल. अटल सेतूमुळे शिवडी-परळच्या माणसालाही उलव्याची, म्हणजे नव्या विमानतळाची, बाजू दूर नाही. बोरिवली-दहिसरकरांचं नेमकं उलट आहे. त्यांनी स्वस्त दिसलं म्हणून नवी मुंबईचं विमान घेतलं तर संध्याकाळच्या रहदारीत तिकिटावर छापलेल्या वेळेएवढाच वेळ आधी रस्त्यावर जाईल. तिकीट काढताना त्यांनी दोन्ही विमानतळांच्या वेळा शेजारी-शेजारी मांडून बघाव्यात आणि राजधानीही त्यात धरावी. ती बोरिवलीला थांबते, संध्याकाळी निघते आणि सकाळी साडेआठच्या सुमारास थेट नवी दिल्लीत उतरवते, कचेऱ्या उघडायच्या आधी.